हसतील त्यांचे दात

“अगं, दातांच्या दवाखान्यात चॉकलेटं वाटतेस? गिऱ्हाइकं वाढवायचा विचार दिसतोय तुझा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः दोन उचलली.

काउंटरवरची पोरगी तसाच डबा घेऊन पडद्याआड आली. पडद्याआड कवळीमास्तरांची खोली. खोली म्हणजे काय, एक टेबल, एक स्पिरिटचा दिवा, पॉलिशचं यंत्र आणि फळीवर ओळीने मांडलेले लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे. मास्तर हे नाव डॉक्टरीणबाईंनी ठेवलेलं. शाळेत त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं, पण आयुष्यभर दुसऱ्यांचे दात ओळीत उभे केले होते, तेव्हा मास्तर.

“काका, घ्या ना. माझं स्किट घेतलं त्यांनी! रविवारी संध्याकाळी टीव्हीवर दाखवणार आहेत.”

मास्तरांच्या हातातला सुळा मेणात तिरका घुसला.

“अरे वा,” ते म्हणाले. “अरे वा, अरे वा.” एवढ्या वेळा म्हणायची गरज नव्हती हे त्यांना म्हणून झाल्यावर कळलं.

“तुमच्यामुळेच हं, काका. तुम्हीच म्हणालात ना, पाठव म्हणून.”

म्हणाले होते खरे. लहान मुलाच्या हातावर जाता जाता गोळी ठेवावी, तसं म्हणाले होते. ‘पाठव की गं तूही एखादं, काय जातंय?’ पत्ताही त्यांनीच दिला होता. तो त्यांना तोंडपाठ होता, कारण त्या विनोदी कार्यक्रमाला ते वर्षानुवर्षं स्किटं पाठवत आले होते. पहाटे उठायचं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहायचं, मग आंघोळ करून दवाखान्यात यायचं आणि संध्याकाळपर्यंत कवळ्या करायच्या, असा त्यांचा रतीब होता. सुरुवातीला बायकोला म्हणाले होते, लोक काय म्हणतील? ती म्हणाली होती, “लिहा हो. हसतील त्यांचे दात दिसतील.” कार्यक्रमवाल्यांचं उत्तर मात्र दर वेळी एकच यायचं. मिळालं, कळवतो. मराठीत ‘कळवतो’ म्हणजे काय, हे कळायला मास्तरांना बराच काळ लागला होता.

आणि ह्या पोरीने एक पाठवलं, ते लगेच घेतलं गेलं.

“आता नोकरी सोडणार असशील,” मास्तर म्हणाले. आवाजात थोडी आशा होती.

“छे हो काका, एकच तर स्किट आहे. फोन कोण उचलेल इथले?” ती म्हणाली. “पण रविवारी नक्की बघा हं. तुम्हाला आवडेल की नाही, मला भीती वाटतेय.”

चॉकलेट चांगल्यातलं होतं. मास्तरांना ते कडू लागलं.

त्याच दिवशी भाजीवाल्या आजी मेणाच्या ट्रायलला आल्या होत्या. बाजाराच्या कोपऱ्यावर बसून त्यांनी जन्मभर भाजी विकली आणि गिऱ्हाइकांशी भांडण्यात सगळे दात झिजवले, असं त्या स्वतःच सांगायच्या. दवाखान्यात एक पद्धत होती. मेणात बसवलेले दात तोंडात घालून माणसाला नुसतं ‘हसा’ म्हटलं, तर तो फोटोला करतो तसं तोंड करतो आणि वरचा ओठ जागचा हलत नाही. खरं हसू आलं, की ओठ पार वर जातो. तो कुठवर जातो ते बघून दात किती लांब ठेवायचे आणि गुलाबी हिरडी किती चढवायची, ते ठरतं. मेण आहे तोवर सगळं हलवता येतं. कवळी पक्की झाली, की मग काही खरं नाही. म्हणून ट्रायलच्या वेळी डॉक्टरीणबाई मास्तरांना हाक मारायच्या आणि मास्तर आपल्या स्किटांतला राजा आणि प्रधान घेऊन बाहेर यायचे.

‘प्रधानजी, प्रजा सुखी आहे का?’ ‘महाराज, विचारायलाच गेलो होतो. पण कुणी घरी नव्हतं. सगळे शेजारच्या राज्यात राहायला गेलेत.’

लोक हसायचे. मास्तर मान तिरकी करून ओठ बघायचे आणि मनातल्या मनात टाळ्याही मोजायचे. त्यांच्या राजाला इतकेच प्रेक्षक मिळाले होते, आणि तेही डॉक्टरांनी हसायला सांगितलेले.

“मास्तर, या! आजींना हसवा जरा,” बाईंनी हाक मारली.

मास्तर उठले नाहीत. बाहेर काउंटरवर ती बसली होती, टीव्हीवर जाणारी. तिच्या देखत आपला राजा काढायचा? तिने ऐकायचं आणि मनात म्हणायचं, बिच्चारे काका?

“हातात काम आहे,” ते आतूनच ओरडले. “मेण गार होईल.”

“बरं. आजी, हसा बघू.”

मास्तरांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं. आजींनी ओठ ताणले. ते हसणं नव्हतं. उधारी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायचं तोंड होतं ते.

“बरोबर दिसतंय ना, मास्तर?”

“बरोबर आहे,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी पडदा सोडला.

रविवारी बायको टीव्हीसमोर दुसऱ्या दिवशीचे कपडे इस्त्री करत होती. मास्तर खुर्चीच्या टोकावर बसले होते. गेले तीन-चार दिवस त्यांच्या डोक्यात एकच विचार घोळत होता. पोरगी दिवसभर पडद्यापलीकडे बसते. आपला प्रत्येक विनोद तिच्या कानांवरून जातो. तिने ढापलं असणार! आणि खरं सांगायचं, तर ढापलेलंच निघावं म्हणून ते मनोमन देव पाण्यात घालून बसले होते. ढापलेलं निघालं, तर भांडता आलं असतं, चार लोकांना सांगता आलं असतं. शिवाय आपलं लिखाण ढापण्याजोगं होतं, हे तरी सिद्ध झालं असतं.

स्किट सुरू झालं. रंगमंचावर एक पडदा होता, एक टेबल, एक स्पिरिटचा दिवा आणि फळीवर प्लास्टरचे जबडे. चष्मा कपाळावर चढवलेला एक माणूस कवळी पाठीमागे धरून उभा होता. त्याच्यासमोर गालांत खड्डे पडलेला एक म्हातारा.

“आधी हसा, मग दात.”

“अहो, दात दिलेत तर हसेन ना!”

“हसलात तर माप कळेल ना!”

“दात नसताना हसलो तर लोक हसतील मला!”

“पाठवा त्यांनाही. त्यांचंही माप घेऊ.”

बायकोच्या तोंडून आधी नुसता फुसकन आवाज आला. मग तिने इस्त्री हातात धरूनच दुसरा हात तोंडावर ठेवला. टीव्हीवरचा कवळीवाला आता विनोद सांगत होता आणि म्हातारा हसत नाही म्हणून तो विनोद समजावून देत होता, मग समजावणं समजावून देत होता. माप द्यायला आलेली सगळी माणसं एकेक करून निघून गेली. कवळीवाला एकटाच राहिला. त्याने फळीवरच्या प्लास्टरच्या जबड्यांकडे पाहिलं, घसा साफ केला आणि तोच विनोद त्यांना सांगितला. सगळं शांत. मग एक जबडा खटकन उघडला. कवळीवाल्याने कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि त्या जबड्यापुढे वाकून नमस्कार केला.

“अहो, हे तर तुम्हीच!” बायको डोळे पुसत म्हणाली. हसून हसून तिला उभं राहवेना, ती इस्त्री तशीच टाकून पलंगावर बसली. “चष्मा कपाळावर काय, विनोद समजावणं काय! कसं टिपलंय पोरीने! आणि शेवटी बघा, मला भरूनच आलं.”

“इस्त्री,” मास्तर म्हणाले.

“अगं बाई!” तिने इस्त्री उचलली. मास्तरांच्या शर्टाच्या पाठीवर तपकिरी ठसा उमटला होता.

त्यात मास्तरांची एक ओळ नव्हती. राजा नव्हता, प्रधान नव्हता. चोरी म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे खुद्द मास्तर, आणि विनोदाचा विषय म्हणून स्वतःवर तर त्यांनी कधी हक्कच सांगितला नव्हता. राजा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता आणि वर्षानुवर्षं पहाटे उठून ते त्याच्याबद्दल लिहीत होते. टेबल, दिवा, फळीवरचे जबडे रोज डोळ्यांसमोर होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! कळसा मात्र पोरीने पळवला.

पण ह्याहून जास्त लागलं ते दुसरंच. मास्तरांनी वाचून दाखवलेलं प्रत्येक स्किट बायकोने पूर्ण ऐकलं होतं आणि शेवटी “छान आहे हो” म्हटलं होतं. कधी कंटाळली नाही, कधी उठून गेली नाही. आज तिच्या तोंडावर हात गेला तेव्हा मास्तरांना आठवलं, लग्नानंतरच्या दिवसांत ती अशी हसायची. ते हसू तिच्याकडे अजून होतं. काढणारा दुसरा निघाला. मास्तरांना वाटलं, ही पोरगी जन्मालाच आली नसती तर बरं झालं असतं.

“रागावलात?” बायकोने विचारलं.

“शर्ट चांगला होता,” मास्तर म्हणाले.

सोमवारी पोरगी काउंटर सोडून दारातच उभी होती. तिचा चेहरा पार उतरला होता.

“काका, रागावलात का? आधी सांगायला हवं होतं मी. पण सांगितलं असतं, तर मला लिहिताच आलं नसतं.”

मास्तरांनी रात्रभर बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

“शेवट जरा लांबला,” ते म्हणाले.

“हो ना!” ती लगेच म्हणाली. “मलाही तेच वाटलं. नमस्कार नको होता.”

नमस्कार हवाच होता. स्किटमधली सगळ्यांत चांगली जागा होती ती. मास्तर तसेच आत गेले.

दुपारी भाजीवाल्या आजी पक्की कवळी घ्यायला आल्या. कवळी तोंडात बसली, टाळूला चिकटली, बाई खूश झाल्या. मास्तर बाहेर आले, तसं आजींनी त्यांच्याकडे बोट केलं.

“हेच ना ते टीव्हीवरचे? आधी हसा, मग दात!” आणि आजी खदखदून हसल्या. वरचा ओठ वर गेला, आणखी वर गेला आणि दातांच्या वर गुलाबी हिरडीचा रुंद पट्टा उघडा पडला. नवी कोरी, चकचकीत, खोटी हिरडी.

डॉक्टरीणबाईही हसत होत्या. त्या थांबल्या. “मास्तर, ट्रायलला बघितलं होतंत ना तुम्ही?”

“बघितलं होतं,” मास्तर म्हणाले. “आजी हसल्याच नव्हत्या. मला दिसत होतं. तरी मी बरोबर आहे म्हणालो.”

बाईंना कारण कळलं की नाही, कोण जाणे.

“पुन्हा करून देतो, आजी.”

“द्या की. मला कुठे घाई आहे? इतके दिवस हिरड्यांनीच चावलं.”

आजींचं हसू आता ओसरलं होतं. ओठ खाली आला होता आणि माप तर घ्यायलाच हवं होतं. मास्तरांनी पेन्सिल काढली. त्यांचा राजा जिभेवर आला होता. तो त्यांनी गिळला आणि काउंटरकडे वळून हाक मारली.

“इकडे ये गं. आजींना हसव.”

पोरगी आली, बावरून मास्तरांकडे बघत राहिली.

“तुझंच म्हण,” मास्तर म्हणाले. “ते, पाठवा त्यांनाही.”

तिने चष्मा नसताना कपाळावर चढवल्यासारखा केला, हात पाठीमागे घेतले आणि सुरुवात केली. हुबेहूब मास्तर. आजी पोट धरून हसू लागल्या. मास्तर वाकले आणि ओठ जिथवर गेला होता, तिथे हिरडीवर त्यांनी हलक्या हाताने रेघ मारली.

मग कवळी काढून घेऊन ते आत गेले आणि त्यांनी पडदा ओढला. टेबलावर ठेवली, तर ती दात वासून उताणी पडली. बाहेर आजी बोळक्या तोंडाने अजून हसतच होत्या. मास्तरांनी दिवा पेटवला आणि मेण वितळायला ठेवलं.