पट्टीवरचं हिरवं

केस पेपर, दिवस तिसरा. चंदा, वय एकोणीस. उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत भाजलेला. जखम धुऊन पट्टी बांधली. चार दिवसांनी उघडायची.

चांदूर रेल्वे गावात भंडाऱ्याच्या जेवणात उकळत्या वरणाची गंजी हातावर कलंडली, हे पहिल्या दिवसाच्या पानावर आहे. तिचे वडील नत्थुजी झेंडू पिकवतात, हे कुठल्याच पानावर नाही. कशाला असेल?

मूळच्या अकोल्याच्या पौर्णिमा सिस्टरने नत्थुजी आणि चंदाची आई गोदाबाई, दोघांना खाटेपाशी उभं करून सांगितलं होतं, "कातडी गेली म्हणजे वावराचं कुंपण गेलं, काका. कोणीबी घुसते. हात धुतल्याबिगर शिवायचं नाही. पट्टीवर ओल, रंग, वास, काहीबी दिसलं का मले सांगायचं."

दोघांनी मान डोलावली.

केस पेपर, दिवस चौथा. ताप नाही. जेवण बरं.

न लिहिलेलं: फुलं तोडताना विळा लागला की नत्थुजींच्या घरी झेंडूचा पाला चुरगळून त्याचा रस जखमेवर पिळतात. त्या सकाळी ते गावाहून पिशवीत पाला घेऊन अमरावतीला, दवाखान्यात आले. गोदाबाई दाराकडे तोंड करून उभी राहिली. नत्थुजींनी मनगटापाशी पट्टी बोटाने उचलली आणि रस आत सोडला.

"बाबा, झोंबते."

"झोंबू दे. म्हणजे लागू पडून राहिलं."

दिवस पाचवा, संध्याकाळ. मनगटापाशी पट्टी हिरवी.

नत्थुजी हसले. किती दिवसांनी. "पाह्य. रस भिनला."

"सिस्टरले दाखवाव का?"

"अन् काय सांगशीन? तुह्या नवऱ्यानं पाला पिळला म्हनून? हाकलून देतीन आपल्याले."

गोदाबाईने ओढणी चंदाच्या मनगटावर टाकली. रंग झाकला गेला.

केस पेपर, दिवस सहावा, सकाळी सात. ताप एकशे दोन. थंडी वाजते. मंगळवारी मांडीची कातडी काढून हातावर लावायची होती. आता डॉक्टरांना विचारावं लागेल.

ताप कशाने आला ते बघायला पौर्णिमा सिस्टरने सलाइनची सुई तपासली, छाती तपासायला सांगितलं. मग वळून विचारलं, "पट्टीवर काही दिसलं का, काका?"

"नाही जी."

सिस्टर डॉक्टरांना बोलवायला गेली.

चंदा काहीतरी पुटपुटत होती. ऐकायला नत्थुजी वाकले, तेव्हा ओढणी सरकली. वास आला.

गोडसर. कुजट. जड.

तीस वर्षं त्यांच्या बोटांना झेंडूचा वास होता. ताज्या पाल्याचा, सुकलेल्या पाल्याचा, पोत्यात सडलेल्या पाल्याचाही. हा त्यातला कुठलाच नव्हता. त्यांनी पुन्हा नाक जवळ नेलं. पुन्हा.

"गोदा. हे आपलं नोहे."

"काय नोहे?"

ते उत्तर द्यायला थांबले नाहीत. चपला खाटेखालीच राहिल्या.

सिस्टर टेबलापाशी फोनवर होती. त्यांनी तिच्यासमोर हात जोडले, मग खाली घेतले. "म्या खोटं सांगतलं. परवा सकाळी म्या पट्टीत पाल्याचा रस सोडला. झेंडूचा. काल हिरवं दिसलं, मले वाटलं रसच हाय. झाकून ठेवलं."

"किती वेळा सोडला?"

"एकडाव."

"हात धुतले होते?"

नत्थुजींनी आपल्या बोटांकडे बघितलं.

ती रागावली नाही. फोनमध्ये म्हणाली, "सर, लगेच या. जखमच आहे."

पट्टी उघडली. डॉक्टरांनी जखमेतला नमुना काढून तपासणीला पाठवला, औषध बदललं. हिरवा रंग जंतूचा आहे, तो रक्तात उतरला तर हात बाजूला राहील, जीव वाचवायची वेळ येईल, हे त्यांनी सरळ सांगितलं. रसातून गेला, बोटांवरून गेला की आधीच आत होता, ते सांगता येणार नाही, हेही. पण काल कळलं असतं तर एक दिवस हातात होता.

जखम धुताना चंदाचं ओरडणं व्हरांड्यापर्यंत आलं. नत्थुजी व्हरांड्यातच होते.

दिवस सातवा. ताप एकशे तीन.

दिवस आठवा. एकशे एक. नत्थुजी व्हरांड्यात. गोदाबाई डबा नेऊन देते, ते खात नाहीत.

"आत चाला ना."

"माह्या हातानं झालं."

"म्या काय दाराशी नाचत होती? म्याबी उभीच होती ना?"

केस पेपर, दिवस नववा. ताप नव्याण्णव. जखम धुतली, हिरवेपणा कमी. कातडी लावणं पुढे ढकललं. तारीख नाही.

न लिहिलेलं: चंदाने विचारलं, "बाबा कुठी हाय?"

नत्थुजी कोपरापर्यंत हात धुऊन आले. खाटेपासून दोन हात लांब उभे राहिले. हात पाठीमागे.

"सांगतलं काहून नाही, बाबा?"

चंदाने त्यांच्याकडे बघितलं. एक हात पट्टीत, दुसऱ्याला सुई.

"नाक खाजून राह्यलं केव्हाचं," ती म्हणाली. "माय खाजवते तं नखच लावते."

ते जागचे हलले नाहीत. सिस्टरकडे बघितलं.

"धुतले ना हात?" सिस्टर म्हणाली. "मग?"

नत्थुजींनी एक बोट पुढे केलं. चंदाने डोळे मिटले.

"जराक वर," ती म्हणाली.