वजनाच्या जागी ओल

चार वर्षांपूर्वी मोकाकेने स्वतःची चूक एंजेमाच्या गळ्यात मारली होती. मुयुका गावातले कोको मोजायचे काटे बंद पडले, तेव्हा त्याने तिला भर सभेत शेतकऱ्यांची माफी मागायला उभं केलं. पहिल्या रांगेत तिचे वडील बसले होते. दुसऱ्याच दिवशी तिने बुएया शहरातली, मोकाकेच्या हाताखालची ती नोकरी सोडली.

आता ती शेतकऱ्यांच्या संघात तपासनीस होती. काटे चालवणाऱ्या सॉफ्टवेअर लायब्ररीची नवी आवृत्ती तिच्या सहीशिवाय कुठेच बसत नसे. तीनशे खरेदी केंद्रांवरचे जुने प्रोग्राम, पुन्हा न बांधता म्हणजे कंपाइल न करता, नव्या लायब्ररीवर चालतात का, एवढंच ती बघायची.

सोमवारी मोकाकेची आवृत्ती आली. एंजेमाने जुनी आणि नवी शेजारी ठेवून तुलना चालवली. दोनशे बारा फंक्शन्स जशीच्या तशी. पण नोंदीच्या साच्यात त्याने दाण्यांतल्या ओलाव्याच्या टक्क्यांचा ‘ओल’ हा नवा रकाना शेवटी जोडायचा सोडून वजनाच्या आधी घुसडला होता. जुना प्रोग्राम नेहमीच्या जागी वजन शोधणार आणि त्याला ओल मिळणार. मोकाकेला एक फोन केला असता, तर अर्ध्या तासात काम झालं असतं.

तिने फोन केला, पण संघाचे अध्यक्ष पा एवाने यांना. “शुक्रवारच्या सभेत मोकाकेलाच दाखवू द्या सगळं.”

शुक्रवारी मोकाकेने जुन्या प्रोग्रामला नवी लायब्ररी जोडली आणि ऐटीत कोकोचं पोतं काट्यावर ठेवलं. पडद्यावर आकडा उमटला: सात किलो.

“अरे, चौसष्ट किलोचं पोतं आहे ते!” मागून एक म्हातारी ओरडली. “बाकीचं तू खाल्लंस का?”

सभा हसत सुटली. मोकाके घामाघूम झाला. “जुने प्रोग्राम नव्याने बांधावे लागतील...”

“तीनशे ठिकाणी? तू जाणारेस?” एंजेमा म्हणाली. “माफी माग यांची. मला मागायला लावलीस ना, तशीच. उभं राहून.”

त्याने मागितली. मग तिच्याजवळ येऊन दबक्या आवाजात विचारलं, “तुला माहीत होतं?”

“सोमवारपासून.”

पा एवानेंच्या कानावर ते पडलंच. “पोरी, ही माणसं तोडणी टाकून आलीत. यांचा दिवस का मोडलास?”

तिने मान खाली घातली, पण वाईट मुळीच वाटलं नाही. घरी जाताना कोपऱ्यावर तिने भाजलेली केळी घेतली आणि उभ्याउभ्याच, बोटं पोळत, सगळी संपवली.