उजव्या हाताची नखं

बसमध्ये कुणी माझे हात निरखून पाहिले असते, तर त्याला वाटलं असतं की या बाईने एकच हात पार्लरला नेला आणि दुसऱ्याच्या वेळी पैसे संपले. डाव्या हाताची नखं मुळापर्यंत कापलेली, बोटांच्या टोकांना घट्टे. उजव्या हाताची मात्र बोटापुढे जराशी आलेली, एकसारखी गोल आणि इतकी गुळगुळीत की रेशमी कापडावर फिरवली तरी धागा निघणार नाही.

नायलॉनच्या तारांची गिटार नखांनीच वाजवतात. नुसत्या मांसाने तार छेडली की गादीवर थाप मारल्यासारखा आवाज येतो, आणि नख खडबडीत असेल तर तार खरवडल्याचं ऐकू येतं. म्हणून माझ्या सरांचा पहिला धडा गिटारचा नव्हताच, नख घासायचा होता. आधी कानस, मग बारीक पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक. मी पन्नाशीच्या उंबरठ्यावरची बाई, गिटार शिकायला म्हणून गेले आणि नखं घासत बसले. घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, फी परत मिळते का विचार.

सरांना सगळे सावकाश सर म्हणत, कारण त्यांच्या तोंडात तो एकच शब्द. क्लास एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत होता. खालून इस्त्रीची वाफ यायची, तारा उतरायच्या, आणि सर पुन:पुन्हा सूर लावत म्हणायचे, घाई कुणाला आहे? पहिला व्यायाम कोळ्याचा. डाव्या हाताची चार बोटं चार पट्ट्यांवर ठेवायची आणि कोळ्यासारखी एकेक करत सरकवायची, एक हललं तरी बाकीच्यांनी जागा सोडायची नाही. ताल मोजणारा मेट्रोनोम टकटक करत असायचा. मी जरा वेग धरला की सर त्याचा काटा मागे घ्यायचे. “ज्याला हळू वाजवता येत नाही, त्याला जलद वाजवताच येत नाही,” ते म्हणायचे. “त्याला फक्त पळता येतं.”

हे माझ्या घरच्या कुणाला सांगून कळलं नसतं. सासऱ्यांना पक्षाघात झाला तेव्हा मी विम्याच्या कचेरीतली नोकरी सोडली. सोडली म्हणजे काय, सगळ्यांनी मिळून माझ्याकडे पाहिलं आणि ती सुटली. बाबांची डावी बाजू गेली, वाचाही गेली. त्यांना पुसणं, कूस बदलणं, भरवणं हे माझ्याकडे आलं. नवरा छापखान्यात सकाळच्या पाळीला, तीनला घरी यायचा. चारला मी गिटार खांद्याला लावून बाहेर पडायची. दिवसातला तेवढाच वेळ माझा, बाकी सगळा दिवस मी या घराचीच.

क्लासच्या पाचव्या वर्षी सर म्हणाले की ते आता लेकीकडे राहायला जाणार, आणि लहान मुलांचा वर्ग कुणाच्या तरी हाती देऊन जायचा आहे. दोघंच त्यांच्या नजरेत होते. एक केसांची शेपटी बांधणारा तरुण, दुसरी मी. महिनाअखेरीला दोघांचंही वाजवणं ऐकून ठरवणार. घरी नवऱ्याला सांगितलं, त्याने ते फोनवर बहिणीलाही सांगितलं. मला खोटं बोलायचं नाही, त्या दिवशी लाँड्रीचा जिना उतरेपर्यंत मी मनात तो वर्ग घेऊनही टाकला होता. माझ्या नावाचं काम, माझी खोली, आणि मला ‘बाबांचं झालं का?’ न विचारणारी माणसं.

वाजवायचा होता ट्रेमोलो. अंगठा खालचा सूर धरतो आणि वर तीन बोटं एकाच तारेवर एकामागोमाग पडतात, अनामिका, मधलं, तर्जनी. तिन्ही अगदी सारखी पडली तर तुटक ठोके ऐकू येत नाहीत, एकच लांब सूर हवेत थांबल्यासारखा वाटतो. माझी अनामिका लंगडी. तिला चालती करायला मी वर्षभर मेट्रोनोमचा काटा मागे घेऊन तेच तेच वाजवत होते. आता कुठे ती बाकीच्यांबरोबर पडू लागली होती.

आणि त्याच महिन्यात बाबांच्या मानेवर ओरखडे दिसायला लागले.

त्यांची कातडी पातळ झाली होती, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी. पहिला ओरखडा मला सकाळी पुसताना दिसला. मला वाटलं, टॉवेल लागला असेल. मग छातीवर एक, मग पांगळ्या दंडावर दोन. मी टॉवेल बदलला, साबण बदलला. रोज त्यांचं अंग पुसण्याआधी नखं पुन्हा घासू लागले, शेवटी उजवा हात मागे बांधल्यासारखा ठेवून डाव्यानेच पुसू लागले. तरी ओरखडे येतच राहिले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझ्यासारख्या चोरी न केलेल्याच्या मनातही ते पडतं. मला स्वतःचाच भरवसा वाटेना.

रविवारी ताई आल्या. ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. महिन्यातून दोनदा येतात, बाबांचा हात हातात घेऊन रडतात, आणि जाताना चादर नीट खोचलेली नाही हे सांगतात. प्रेम नाही असं मी म्हणणार नाही. प्रेम आहे, फक्त ते येण्याजाण्याच्या वेळा ठरवून येतं. त्यांनी बाबांचा सदरा सारखा करताना ओरखडे पाहिले. मग माझ्या हाताकडे पाहिलं.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी सोसलं असतं. त्यांनी हळू आवाजात भावाला विचारलं की हे किती दिवस चाललंय, आणि तुला दिसत नाही का. मी घरात नसल्यासारखं विचारलं. मी सांगितलं की मी डाव्या हाताने पुसते, नखं लागूच शकत नाहीत. ताई म्हणाल्या, “म्हणजे लागतात हे तुलाही माहीत होतं. म्हणून तर हात बदललास.”

 मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे हात कायम दोन्ही डगरींवर. तो म्हणाला, “कापून टाक ना आत्तापुरती. नखंच आहेत, परत वाढतील.”

मी उठले, कपाटातून नेलकटर आणला आणि ताईंच्या समोर बसून कापली. तर्जनी, मधलं, अनामिका, अंगठा. तुकडे चहाच्या बशीत टाकले आणि बशी त्यांच्यापुढे सरकवली. राग होता, नाही असं नाही. पण त्या रागाखाली मला खरंच वाटत होतं की असेल, माझ्याचकडून होत असेल, एवढ्या वयात नखं वाढवणाऱ्या बाईचं असंच होतं. ते वाटणं त्या बशीहून वाईट होतं.

सरांसमोर वाजवायला आठच दिवस उरले होते. नख पुरतं यायला तीन महिने लागतात. मी बोटांच्या मांसाने वाजवलं. एकही चूक केली नाही. अनामिका बरोबर वेळेवर पडत होती, आणि त्यातून जे निघत होतं ते बंद दारामागे कुणीतरी पुटपुटल्यासारखं होतं. सरांनी माझा हात उलटा करून पाहिला, का कापली म्हणून विचारलं. मी म्हटलं, घरचं काम. त्यांनी हात सोडला. मग म्हणाले की हात आता तयार झालाय, पण मुलं जे ऐकतात तेच उचलतात, आणि वर्ग पुढच्या सोमवारी सुरू होतोय. वर्ग शेपटीवाल्याला गेला. सर खोटं बोलले असते तर मला त्यांच्यावर चिडता तरी आलं असतं.

चार दिवसांनी सकाळी मी बाबांचा सदरा काढला. मानेवर ताजा ओरखडा होता, लाल, ओला.

मला आनंद झाला. सासऱ्यांच्या मानेवर रक्त आणि सुनेच्या मनात आनंद, असलं काही मी कुणाला कधी सांगितलेलं नाही. पण झाला. माझ्या बोटांना नख नव्हतं. मी नव्हते. आता ताईंना बोलावते, आता नवऱ्याला उभा करते, आता बघू कोण काय बोलतं. फोन घ्यायला हात लांब केला, आणि बाबांच्या उजव्या हातातला रुमाल सरकला.

त्यांच्या चांगल्या हातात कायम एक रुमाल असायचा, तोंड पुसायला. त्या रुमालाखालची नखं मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. लांब, पिवळी, एक तुटून करवतीसारखं झालेलं, आणि त्याच्याखाली वाळलेलं रक्त. रात्री पांघरुणाखाली अंगाला खाज सुटत असणार. सांगणार कुणाला, आणि कसं?

पूर्वी एक न्हावी घरी यायचा. दाढी करायचा आणि नखंही कापायचा. काही महिन्यांपूर्वी त्याने दुकान लांब हलवलं तेव्हा नवऱ्याने दाढीचं मशीन आणलं. दाढीची वाटणी झाली, नखांची झाली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसा आम्ही सगळे महिनाभर माझ्या नखांभोवती फिरत होतो.

मग मला डावी मूठ आठवली. ती मूठ आजारपणापासून मिटलेली. मी रोज ती वरून पुसत होते, पुसली म्हणून खाली ठेवत होते. मी बोटं एकेक करून उघडली. आंबूस वास आला. तळहातात चार चंद्रकोरी होत्या, खोल, आणि त्यांची नखं अजून त्यांत रुतलेली. फोन डाव्या हातात होता. ताईंना पाठवायला फोटो काढायचा तर मूठ सोडावी लागत होती, आणि सोडली की नखं परत त्या जखमेत जात होती. बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मूठ धरायची की फोन, एवढंच होतं. मी फोन खाली ठेवला.

कोमट पाण्यात हात भिजवले, मग कापली. टोकं राहतात म्हणून माझी कानस आणली, मग पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक. उजवा हात, डावा हात. नंतर फोटो काढता आला असता, तळहाताच्या जखमा होत्याच. पण त्या फोटोत मीही आले असते. रोज सकाळी हा हात पुसणारी मी होते, आणि दिवसभर स्वतःची नखं उजेडात धरून बघणारीही मीच.

नवऱ्याला संध्याकाळी तळहात दाखवला. तो पलंगाच्या काठावर बसला आणि उठला नाही. मग म्हणाला, ताईला नको सांगूस, उगाच जिवाला लावून घेईल. माझ्या जिवाचं काय, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

पुढचा रविवार सोडून त्याच्या पुढच्या रविवारी ताई आल्या. सदरा बाजूला करून मान पाहिली, छाती पाहिली. सगळं कोरं होतं. त्यांचा चेहरा खरंच निवळला, आणि त्या अगदी मायेने म्हणाल्या, “बघ, बंद झाले की नाही? मी म्हणत नव्हते?”

नवऱ्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं. मी वाट पाहिली. त्याने आणखी एक पान उलटलं.

मग मी आतून नेलकटर आणि कानस आणली आणि ताईंच्या हातात दिली. म्हटलं, बाबांची नखं वाढलीत, आज तुम्ही कापा, डाव्या हातापासून सुरू करा. त्यांना वाटलं मी फणकारले आहे. तरी त्या पलंगाजवळ बसल्या आणि त्यांनी मूठ उघडली. जखमा भरत आल्या होत्या, पण चारही खुणा स्पष्ट होत्या.

“हे काय?”

“त्यांचीच नखं. मानेवरचीही त्यांचीच होती.”

ताई खुणांवरून अंगठा फिरवत राहिल्या. “कधीचं?”

“आपण सगळे माझ्या नखांकडे बघत होतो ना,” मी म्हटलं, “तेव्हाचं.”

त्यांनी भावाकडे पाहिलं. वर्तमानपत्र खाली आलं नाही. मग त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, बोटांच्या टोकांना नुकती कुठे पांढरी रेघ आली होती. त्या माफ कर म्हणाल्या नाहीत. मला तेव्हा ते ऐकायचंही नव्हतं. त्यांनी नेलकटर धरला, पण बाबांची मूठ पुन्हा मिटू पाहत होती.

“मला नाही जमणार गं.”

मी स्टूल ओढून शेजारी बसले, मनगट कसं धरायचं ते दाखवलं. त्यांनी घाईने नेलकटर लावला, मी त्यांचा हात मागे घेतला. “सावकाश,” मी म्हटलं. “आणखी सावकाश.” एक नख झालं. दुसरं झालं. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी मान वर न करता विचारलं की त्या मुलांच्या वर्गाचं पुढे काय झालं.

“दिला दुसऱ्याला,” मी म्हटलं. “आता अनामिका धरा. ती सगळ्यात अवघड असते.”