पिंज्याची गादी

"आजारी कोण आहे?" पिंज्याचे कान, दात, पोट सगळं तपासून झाल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं. "कुत्रा तर ठणठणीत आहे तुमचा."

"मी," गादीवाले मामा म्हणाले.

बाईंनी हातातलं काम थांबवलं. मग मामांनी सगळं सांगून टाकलं. जन्मभर कापूस पिंजला, तोच छातीत जाऊन बसला होता. मोठ्या डॉक्टरांनी हात टेकले होते. बायको केव्हाच गेली, मूलबाळ नाही. राहता राहिला हा पांढरा, विस्कटलेला पिंज्या. भाची त्याला सांभाळायला तयार होती, पण तिनं तोंडावर सांगितलं होतं, "मामा, माझ्या ताटातलं मी त्याला घालीन. दवाखान्याचा खर्च मात्र मला नाही झेपायचा." पोरगी गोड बोलून वेळ मारून नेणाऱ्यातली नव्हती, म्हणून तर मामांचा तिच्यावर जीव होता.

तेव्हापासून मामा डॉक्टर शोधत फिरत होते. एकाला गुरांपलीकडे काही ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच्या दवाखान्यात थंडगार हवा होती, आणि फी ऐकून मामांना तिथेही घाम फुटला. या बाई मात्र आल्या आल्या जमिनीवर उकिडव्या बसल्या, त्यांनी पिंज्याला हात हुंगू दिला आणि मग मामांकडे बघितलं. मामांनी तिथेच ठरवून टाकलं.

"पिंजायचं यंत्र विकलं," त्यांनी पाकीट पुढे केलं. "दरवर्षीची इंजेक्शनं, जंतांचं औषध, म्हातारपणी काही निघालं तर ते. पुरेल का, बाई?"

"मोठं ऑपरेशन निघालं तर नाही पुरायचं. बाकीला पुरेल. पावती भाचीच्या नावानं करते." बाईंनी पाकीट खणात ठेवलं. "पैशाचं होईल हो. पण तुमच्याशिवाय हा टेबलावर उभा राहील का?"

खरी मेख तिथेच होती. मघाशी खोकण्यासाठी मामांनी त्याच्या पाठीवरचा हात काढला, तर तेवढ्यात पिंज्या त्या गार स्टीलवर लटपटायला लागला होता आणि मदतनिसाचं बोट थोडक्यात वाचलं होतं.

यंत्र गेलं तरी हात शाबूत होते. घरी येऊन मामांनी स्वतःची गादी उसवली. ज्या बाजूला ते निजत, तिथला कापूस काढला आणि आपल्या दोन न धुतलेल्या सदऱ्यांची खोळ करून टेबलाच्या मापाची पातळ गादी शिवली. उभ्या जन्मात लोकांच्या गाद्या शिवल्या, पण इतके बारीक टाके कधी घातले नव्हते. दर दोन टाक्यांना दम खायला थांबावं लागत होतं. पिंज्या पायाशी पसरून घोरत होता.

पुढच्या इंजेक्शनला भाचीनं त्याला एकटीनं आत न्यायचं ठरलं.

"मामा, तू बाहेरच थांब," ती म्हणाली. "आणि खोकू नकोस. त्याला तुझा खोकला गल्लीच्या टोकावरून कळतो."

मामा खिडकीच्या कडेला रुमाल घेऊन उभे राहिले. बाईंनी टेबलावर गादी अंथरली. पिंज्याला वर ठेवलं तसे त्याचे पाय कापू लागले. त्यानं एकदा दाराकडे बघितलं. मग नाक खाली गेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यानं गादी हुंगली, स्वतःभोवती गिरकी घेतली आणि हनुवटी टेकवून तो खुशाल पसरला. सुई टोचली तरी तो हलला नाही. भाचीनं खिडकीकडे बघून हसत मान डोलावली.

जमलं होतं. एवढा सगळा खटाटोप याच्यासाठीच तर केला होता. तरी मामांना वाईट वाटलं. लबाडानं आणखी एकदा तरी दाराकडे बघायचं होतं.

तेवढ्यात छातीतून उबळ आली. मामांनी रुमाल तोंडावर गच्च दाबला आणि ते भिंतीला धरून चालू लागले. कोपरा वळेपर्यंत त्यांनी आवाज बाहेर पडू दिला नाही.