दारावरचं स्लोबोग

दुकानात चार माणसं बसली की पाचव्याने कप हातात धरून उभं राहायचं, एवढीच जागा होती. म्हणून पालुपीचा सगळा जीव बाहेरच्या दोन बाकांत अडकला होता. ती गल्लीत कायमची ठेवायची, तर गल्लीप्रमुख बाईंची, बु सुमार्नींची, परवानगी हवी होती.

"पोरं नोंगक्रोंग करायला येणार," बु सुमार्नी म्हणाल्या होत्या. "काम ना धंदा, तासन् तास नुसतं बसायचं. रस्ता अडेल. रविवारी उद्घाटनाला येते, बघते, मग सांगते."

बाकांशिवाय कॉफीचं दुकान महिनाभरही टिकणार नाही, हे कळायला पालुपीला आपली रसायनशास्त्राची पदवी लागत नव्हती.

जावातल्या सोलो शहरातली तिच्या वयाची मुलंमुली हल्ली जुनं बाटिक कमरेला गुंडाळून, पायांत पांढरे बूट घालून हिंडत. पालुपीही त्यांतलीच. जुन्या बाजारात तिला अशा दोन कापडांची जोडी सापडली होती. त्यांवर काळे, तपकिरी, पांढरे त्रिकोण, सगळे एका मापाचे, स्फटिकासारखे नीट रचलेले. रविवारी सकाळी एक कापड तिने नेसलं आणि दुसरं दारावर टांगलं.

"छान दिसतंय, म्बाक," धाकटा मामेभाऊ जालू म्हणाला; म्बाक म्हणजे ताई. दुकानात त्याची निम्मी भागी होती. "जरा गंभीर आहे, पण छान."

साडेआठला शेजारच्या तीन बायका आल्या. अंगावर गडद कपडे, डोक्यावर ओढणी, हातांत तांदळाची झाकलेली भांडी. त्या बाकावर बसल्या. सगळ्यांत म्हाताऱ्या बु तुगिनींनी पालुपीचा हात हातात घेतला.

"कधी झालं, पोरी?"

"अजून व्हायचंय, बु. नऊ वाजता करणार आहोत."

बु तुगिनींनी हात हळूच सोडला. "कुणाचं?"

"आमचं दोघांचंच."

एवढ्यात बु सुमार्नी कोपऱ्यावरून वळल्या. त्यांच्याही हातात तांदूळ होते. त्यांनी दाराकडे पाहिलं, पालुपीच्या कमरेकडे पाहिलं, मग आत डोकावून पाहिलं.

"मयत कुठंय?"

"कसलं मयत?"

"मग हे स्लोबोग कुणी टांगलं? मयताला जाताना नेसतात ते. अख्खी गल्ली मयताच्या घरी द्यायचे तांदूळ घेऊन रडायच्या तयारीने निघालीय."

पालुपीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिने माफी मागितली, एकदा बु सुमार्नींची, एकदा सगळ्यांची. बाकं गेली, असं तिच्या मनाने धरलंच.

बु तुगिनींचे खांदे हलायला लागले. रडू नव्हतं ते. "आता हे तांदूळ मी काही परत नेत नाही," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "हात दुखतात. कॉफी तरी पाज."

पालुपीने काट्यावर दाणे तोलले, दळले, पाण्याचं तापमान पाहिलं आणि बारीक धारेने पाणी ओतलं.

"औषध करतेस की काय?" एकीने विचारलं. घोट घेऊन म्हणाली, "औषधच आहे. साखर आण."

कुणी मेलेलं नाही, ही बातमी मरणापेक्षा लवकर पसरली. आणखी पाचजणी आल्या. दुसरं बाकही भरलं. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या गुडघ्याचं बोलणं निघालं. भाजीवाला मोटारसायकलवरून आला, बायकांनी पाय आत घेतले, तो गेला. अकरा वाजले तरी कुणी हललं नव्हतं.

"हे काय चाललंय?" जालू कुजबुजला.

"नोंगक्रोंग," पालुपी म्हणाली. वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्याने.

बु सुमार्नींनी मान वळवली. "हे वेगळं. आम्ही सांत्वनाला आलो होतो."

"कुणाच्या गं?" बु तुगिनींनी विचारलं.

बु सुमार्नींनी उरलेली कॉफी संपवली. आणखी एक मोटारसायकल येताना दिसली. ती बाकांजवळून पार होईपर्यंत त्या बघत राहिल्या.

"रात्री नऊपर्यंत," त्या म्हणाल्या. "त्यानंतर एकही पोरगा दिसता कामा नये. आणि बाकं भिंतीला टेकून हवीत, वीतभरही पुढे नकोत. दारावरचं ते काढ."

"नेसलेलं राहू दे तिचं," बु तुगिनी म्हणाल्या. "स्लोबोग म्हणजे सैल. नवीन पदावर बसतानाही नेसायचे लोक, काम कुठे अडू नये म्हणून."

"राहू दे," बु सुमार्नी म्हणाल्या.

पालुपी कापड उतरवायला स्टुलावर चढली. जालू पहिलं बाक भिंतीकडे सरकवायला गेला. बाकावरच्या चौघींपैकी एकही उठली नाही.