दोन ठोक्यांचे शब्द

आमच्या छापखान्यात प्रुफं दोघं मिळून तपासतात. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर डोळा ठेवायचा. मराठीत हे सुखानं चालतं. इंग्रजीत पंचाईत अशी, की कितीतरी शब्द कानाला जुळे आणि कागदावर एकमेकांना अनोळखी. 'वीक' म्हटलं तर आठवडा की अशक्त? 'होल' म्हणजे भोक की सगळंच्या सगळं? वाचणारी बिचारी एकच आवाज काढते.

त्यावर तोड काढली होती माझ्या आधीच्या वाचकबाईंनी. तेवीस वर्षं एका खुर्चीत बसून त्यांनी अशा दोनशे अकरा जोड्यांची यादी केली आणि भिंतीवर चिकटवली. डाव्या रकान्यातला शब्द आला की बोटाच्या पेरानं टेबलावर एक ठोका, उजव्यातला आला की दोन. गेल्या हिवाळ्यात बाई वारल्या. यादी राहिली, खुर्ची राहिली, आणि तीन महिन्यांच्या बोलीवर त्या खुर्चीत मी आले.

तीन महिन्यांनी मालक कायम तरी करणार, नाहीतर नारळ तरी देणार. मी भावाकडे राहत होते. वहिनी भाजी चिरता चिरता सहज विचारल्यासारखं विचारायची, "काय वन्सं, झालात का कायम, की अजून पाहुण्याच?" ती एका प्रश्नात दोन घरांची चौकशी करत होती, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. कायम झाले तर स्वतःची खोली घेता येणार होती.

समोर बसायचे तपासनीस काका. त्यांचा हिशेब मी पहिल्याच आठवड्यात मांडला. दिवसाला चहा पाच, वाक्यं सात, त्यांतली चार माझ्या चुकांबद्दल. मी सकाळी नमस्कार केला तर उत्तर नाही. शेजारचं मशीन धडधडून बंद पडलं तरी मान वर नाही. मी मनातल्या मनात त्यांच्या नावापुढे 'बहिरे' असं लिहून टाकलं. पण बहिऱ्या माणसाच्या प्रुफात एकही चूक सुटत नाही, ही बाब कुठल्या रकान्यात घालायची ते कळेना.

दुसऱ्या महिन्यात माझा घसा बसला. एका ओळीच्या मधेच मी पाणी प्यायला थांबले. काकांची पेन्सिल थांबली नाही. ओळीखालून ओळ सरकत गेली, समासात खुणा पडत गेल्या, आणि पान संपल्यावर ते नेहमीसारखं म्हणाले, "पुढे."

मी पुढचं पान घेतलं. मूळ प्रत छातीशी धरली आणि अवाक्षर काढलं नाही. काकांनी सात चुका काढल्या. सहा कुणालाही दिसल्या असत्या. सातवी होती 'साइट'. छापलं होतं दृष्टीचं, काकांनी केलं जागेचं. त्या वाक्यात दोन्ही खपून गेले असते. मी प्रत उलटून पाहिली. लेखकानं जागाच लिहिली होती.

"काका, हे तुम्हाला कसं कळलं?" मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले.

"ओरडतेस कशाला? दोन ठोके ऐकले."

"कुणी मारले?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू नाही मारत? मग तुला ठेवलंय कशाला?"

त्यानंतर मी जिद्दीनं वाचू लागले. जितकं खणखणीत वाचावं तितके काका चिडत. कपाळाला आठ्या, खोडाखोड, एकाच शब्दाला दोनदा खूण. मी गप्प बसले की पान स्वच्छ. काम करून चुका आणि न करता शाबासकी, असा व्यवहार मी फक्त भावाच्या बाबतीत पाहिला होता. पगार तर मी वाचनाचा घेत होते, म्हणून वाचत राहिले.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, मालक खोलीत आले. "तुमची कुरबुर कानावर आली माझ्या," ते म्हणाले. "काका म्हणतात हिचं धड ऐकू येत नाही, ही म्हणते काका बहिरे. एक पान माझ्यासमोर करा. तीनपेक्षा जास्त चुका सुटल्या तर उद्यापासून येऊ नकोस."

मी वाचायला लागले. 'वीक' आला, एक ठोका मारला. काकांनी डोकं हलवलं, खूण केली, खोडली. दुसऱ्या ओळीत तेच. दोन चुका माझ्या डोळ्यांदेखत सुटल्या. चौथ्या ओळीला त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि वैतागून म्हणाले, "बायांनो, एका वेळी एकीनंच वाचा."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "एकीनं म्हणजे?"

"माझा आवाज घुमतो या खोलीत," मी हसत म्हटलं. हसू कुठून आलं देव जाणे.

"मग हळू वाच."

मी प्रत उचलली, तोंडासमोर धरली, दोन्ही हातांनी घट्ट. ओठ मिटून घेतले. म्हटलं, आता होऊ दे काय व्हायचं ते.

काकांच्या कपाळावरच्या आठ्या उलगडल्या. पेन्सिल चालू झाली. ती चालली तशी माझी नजर ओळींवरून खाली खाली जाऊ लागली, आणि मी एकदाही श्वास घेतल्याचं मला आठवत नाही. 'होल' आला. माझी दहाही बोटं कागदावर होती.

कागदाच्या कडेवरून मी मालकांकडे चोरून पाहिलं. म्हटलं, आता हाकलणार. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. डोळे मिटलेले, मान किंचित एका बाजूला, गाणं ऐकावं तशी. पान संपलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"आता कसं," ते म्हणाले. "स्पष्ट वाचते पोरगी. ठोके पण जिथल्या तिथे. काका, कायम करून टाका हिला."

काकांनी नेमणुकीचा फॉर्म पुढे ओढला आणि माझ्या नावासमोर सही केली. मी आभार मानायला तोंड उघडलं. पण मालक आधीच "बरं बरं, आभार कसले त्यात," असं म्हणत दाराबाहेर पडले होते.