उन्हाला आडवा हात

आमच्या ओमाहाच्या अमेरिकन फुटबॉल संघात हंगामाआधीचा शेवटचा सामना झाला की दुसरा दिवस म्हणजे नुसती जिवाची घालमेल. नव्वद जणांतून त्रेपन्न ठेवायचे, बाकीच्यांनी बिऱ्हाड आवरायचं. ऑफिसातला कर्टिस एरवी अगदी गरीब गाय, पण त्या दिवशी तो समोरून येताना दिसला की सहा-सहा फुटी गडी संडासात जाऊन लपतात. तो खांद्यावर हात ठेवतो आणि हळूच सांगतो, "कोचनी बोलावलंय, टॅब घेऊन ये." संघाचे डावपेच असलेला टॅब परत मागितला म्हणजे आपला खेळ खल्लास.

माझं काम किक झेलून पळण्याचं. समोरचा संघ चेंडू आभाळात भिरकावणार, मी तो खाली धरायचा आणि अंगावर येणाऱ्या रेड्यांमधून वाट काढायची. आमच्याकडे एकच जागा उरली होती. ती किक झेलणारा म्हणून मला मिळणार, नाहीतर तिसरा क्वार्टरबॅक म्हणून एल्डन हॉबर्टला, असं जो तो म्हणत होता. एल्डन छत्तीस वर्षांचा, म्हणून पोरं त्याला आजोबा म्हणायची. चेंडू फेकणारा मुख्य गडी जायबंदी झाला तरच याचा नंबर लागणार. उभा जन्म त्याने मैदानाच्या कडेला टोपी घालून, दुसऱ्यांचा खेळ बघत काढला होता.

आणि मी काय केलं, तर त्या शेवटच्या सामन्यात माती खाल्ली. दुपारचा सामना, चेंडू नेमका सूर्यातून खाली आला. मी डोळ्यांवर हात धरला, चेंडू झेलला आणि जो सुटलो तो थेट पलीकडच्या टोकाला. वर नाचलो पण! मागे वळून बघतो तर पंच शिट्टी फुंकून फुंकून लाल झालेला. हात डोक्याच्या वर गेला होता म्हणे. हात वर करणं म्हणजे 'मी पळणार नाही, मला पाडू नका' असं सांगणं, आणि तसं सांगितलं की चेंडू धरला तिथेच खेळ संपतो. एवढी मरमर पळालो ती फुकट, वर दंड भरला तो वेगळाच. कोच ट्रॅमेलनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी अंडी नुसती चिवडत बसलो होतो. गावाकडे, अलाबामात, आईला काय तोंड दाखवू हेच डोक्यात घोळत होतं. तेवढ्यात एल्डन समोर येऊन उभा राहिला.

"ऊठ. मैदानावर चल."

"का? माझा पाय मोडून जागा मोकळी करायचीय का?" माझं तोंड हे असं आहे, काय करणार.

"पाय मोडायचा असता तर इथे जिन्यातच मोडला असता. त्यासाठी उन्हात कोण येतंय?"

गेलो. का गेलो ते मलाही सांगता येणार नाही. त्याने चेंडू उडवायचं यंत्र अशा बेताने लावलं की प्रत्येक चेंडू सूर्यातून यावा. पहिले कितीतरी चेंडू माझ्या हातून निसटले, एक तर सरळ नाकावर घेतला. आजोबा काही हसला नाही. नुसता म्हणाला, मी गेली कैक वर्षं कडेला उभा राहून असे झेलणारे बघतोय, तू उन्हाकडे छाती करून उभा राहतोस म्हणून हात वर जातो. खांदा फिरव, तिरका उभा राहा आणि पंजा भुवयांपाशी आडवा धर. हेल्मेटच्या वर जायचा नाही, तेवढी मुभा आहे. मी वैतागलो, शिव्या दिल्या, दोनदा निघून जायला लागलो. तो आपला शांतपणे यंत्रात पुढचा चेंडू सरकवायचा. हळूहळू जमायला लागलं. शेवटी तर एकही चेंडू हातून सुटेना.

मग कर्टिस आला. तो म्हणाला, "आयव्हरी, कोचनी बोलावलंय." मी पुढचं ऐकायला थांबलो, पण टॅबचं त्याने नावच काढलं नाही.

कोच खिडकीशी उभे होते. खाली मैदान लख्ख दिसत होतं. फिरवून बोलणं माहीत नाही असा माणूस. मला म्हणाले, तुझं नाव मी खोडलं होतं, दुसऱ्या संघाने सोडलेला एक पोरगा घेणार होतो. आता तू राहतोस.

मला आधी कळेचना. मग आनंदाआधी एल्डन आठवला. "मग एल्डनचं काय?" मी विचारलं.

"त्याला मी सकाळी उजाडताच सांगितलं होतं," कोच म्हणाले. "नाश्त्याच्याही आधी. टॅब टेबलावर ठेवला त्याने, आणि जायचं सोडून माझ्याशी हुज्जत घालत बसला. म्हणाला, पोराची चूक हाताची आहे, पायांची नाही. मला थोडा वेळ द्या आणि तुम्ही खिडकीत उभे राहा."

मी जिने कसे उतरलो देव जाणे. एल्डन गाड्यांच्या तळावर आपल्या ट्रकमध्ये बॅगा टाकत होता. मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"राहिलास?" त्याने विचारलं. मी मान हलवली. त्याने माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मी कळवळलो.

मी म्हणालो, अरे, तुझी नोकरी गेली आणि तू माझ्यासाठी उन्हात मरत होतास? तो म्हणाला, घरी जाऊन तरी काय करणार होतो, रडत बसलो असतो.

तेवढ्यात ट्रकमधला फोन वाजला. त्याची बायको मार्नी होती. त्याच्या हातात बॅग, म्हणून त्याने स्पीकर लावला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"राहिला गं."

"खरंच?" पलीकडे ती रडायलाच लागली. नवऱ्याची नोकरी गेल्याचं तिला सकाळपासून ठाऊक होतं, आणि आता ती रडत होती ती माझ्यासाठी. मग नाक ओढून म्हणाली, "त्याला घेऊन ये. मी खिम्याचा मीटलोफ केलाय. आणि त्याला सांग, आईला आधी फोन कर म्हणावं."

मी तिथेच ट्रकला टेकून, भर दुपारी, सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो.